घड्याळाचा बसलेला आवाज

हेहिरांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज बसला आहे, यात घरातल्या कोणालाच कधी काही वावगं वाटलं नव्हतं. बाबांनी याच स्वयंपाकघरात वाजवलेल्या फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, रेकॉर्डमध्ये तेच घड्याळ मागे टिंग टिंग असं लाडात वाजायचं आणि भिंतीवर मात्र घसा धरल्यासारखं टोंग टोंग. थोरल्या मॅलकीच्या मते हा चुलीच्या धुराचा परिणाम होता, मधल्या फिंटनच्या मते आयर्लंडच्या या क्लेअर परगण्यातल्या दमट हवेचा. धाकटी बहीण सेप्टा त्याला अधूनमधून तेल पाजायची आणि म्हणायची, "म्हातारं झालंय बिचारं. या घरात कोणाचा आवाज वयाबरोबर गोड झालाय?" दुसऱ्या एखाद्या घरानं घड्याळजीला बोलावलं असतं. हेहिरांनी कारण शोधून काढलं, ते आपापसात मान्य केलं आणि त्यावर चाळीसेक वर्षं निभावून नेली.

आज रविवारची प्रार्थना आटोपून सगळे इथं जमले होते. मॅलकीची मुलगी मुरेन डब्लिनला ध्वनिमुद्रणाचं काम करते. बाबांची ती जुनी रेकॉर्ड आता सीडीवर निघणार होती आणि ती साफ करायचं काम मुरेनकडे आलं होतं. तिघा भावंडांचा होकार मिळाल्याशिवाय कंपनी पुढे जाणार नव्हती. साफ करायचं म्हणजे नक्की काय पुसायचं, एवढाच सेप्टाचा प्रश्न होता. कारण त्या रेकॉर्डमध्ये आईचं एक वाक्य होतं. सेप्टाला वर्ष पुरं व्हायच्या आत आई गेली. आई म्हणून सेप्टाकडे जे काही होतं, ते दोन धुनांच्या मधलं तेवढं एक वाक्य.

"आधी जेवा, मग भांडा," तिनं खारवलेल्या मांसाचं आणि कोबीचं ताट टेबलावर आणून ठेवत म्हटलं.

मोठी आत्या केवढ्यानं तरी दचकली. तिच्या हातातला काटा खाली पडला.

"तुला किती वेळा सांगितलं, सेप्टा, पाठीमागून बोलत जाऊ नकोस!"

"मग काय समोर येऊन घंटा वाजवू?"

मोठी आत्या अट्रॅक्टा ही बाबांची बहीण. रेकॉर्ड झाली त्याच्या पुढच्या वसंतात ती बॉस्टनला गेली आणि सगळं आयुष्य तिकडे काढून गेल्या वर्षी कायमची परतली. विमानतळावर सेप्टानं मागून "आत्या" म्हणून हाक मारली, तेव्हा तिच्या हातातून बॅगच सुटली होती. वय झालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सेप्टाचा आवाज दचकण्यासारखा होताच म्हणा. शाळेत नन बाईंनी तिला गाणाऱ्या मुलींच्या रांगेतून काढून दरवाजा सांभाळायला उभं केलं होतं. फोनवर पेंडवाला तिला अजून "हो साहेब" म्हणतो. गाईंना हाक मारायला तो आवाज फार सोयीचा, पण तो आला कुठून, हे कोणाला कळलं नव्हतं. आईवर तर नक्कीच गेला नव्हता. आईचा आवाज म्हणजे चिमणीचा, ते अख्ख्या परगण्याला ठाऊक होतं.

"मी सांगतो काय करायचं ते," फिंटननं घास गिळायच्या आतच सुरुवात केली. फिंटन जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारतो, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमीच घोड्यावर असतं. "कुत्र्याचं भुंकणं काढ, घड्याळ काढ, पाय आपटणं काढ. जगभरचे लोक ऐकणार आहेत. त्यांना वाटेल आम्ही गोठ्यातच राहतो. आणि पटापट उरका, क्लेअरची मॅच सुरू होईल."

"एक अक्षर निघणार नाही," मॅलकी म्हणाला. मॅलकीचं बोलणं म्हणजे उतारावर ब्रेक लावलेली गाडी. हातात फिडल आलं की मात्र तोच माणूस वाऱ्यासारखा सुटायचा. "सेप्टा आणि मी ठरवलंय."

"वा! फोनवर आधीच युती झालेली दिसतेय."

"झाली," सेप्टा म्हणाली. "आईच्या वाक्याला हात लावलास, तर हे ताट उचलून घेईन."

फिंटननं ताट जवळ ओढलं. "आईचं वाक्य! चांगलं ओरडणं आहे ते. तुलाच सगळे चिडवतात ना त्यावरून?"

ते खरंच होतं. त्या रेकॉर्डनं हेहिरांना नाव मिळवून दिलं होतं. ती लावली की माणसाचा जीव हरखून जायचा. बॉस्टनच्या चाळीत, लंडनच्या बांधकामांवरच्या खोल्यांत, लग्नात, नामकरणात, रुसलेल्या नवरा-बायकोच्या घरात ती वाजली आणि लोकांची तोंडं सैल झाली. फिडल इतकं भरधाव, इतकं खुशीत, की ऐकणाऱ्याला आपण कशाला वैतागलो होतो तेच आठवू नये. पहिली धून संपून दुसरी सुरू होताना एक बाई चिरक्या आवाजात ओरडायची, "हळू रे बार्टली, पोर जागी होईल!" आणि खिदळायची. बार्टली म्हणजे बाबा, आणि ती पोर म्हणजे सेप्टा. आजही ती एनिस गावातल्या दुकानात शिरली, की कोणीतरी काउंटरमागून नाक दाबून म्हणतं, "हळू रे बार्टली!"

"काहीच काढायचं नाहीये," मुरेन म्हणाली. "पण एक सांगायचंय. बाबा, तुम्ही आधी घास संपवा."

मॅलकीनं काटा खाली ठेवला. मुलगी अशी मायेनं बोलली की काहीतरी महाग पडतं, हा त्याचा अनुभव.

"ते घड्याळ," मुरेननं भिंतीकडे बोट केलं. "त्याचा आवाज बसलेला नाही. घड्याळाच्या घंटेचा आवाज वयानं बसत नसतो. गेल्या खेपेला मी इथं बसून मूळ टेप ऐकत होते आणि नेमकं हे वाजलं. रेकॉर्डमधलं घड्याळ अख्खा एक सूर वर आहे."

"मग?"

"मग घड्याळ वर असेल, तर सगळंच वर आहे. आजोबांचं फिडलही. तेव्हा या दरीत वीज नव्हती. रेकॉर्ड करायला आलेल्या डब्लिनच्या साहेबानं मशीन गाडीच्या बॅटरीवर चालवलं. बॅटरी उतरलेली असणार. मुद्रण करताना टेप हळू फिरली, म्हणून नंतर नेहमीच्या वेगानं वाजवताना सगळंच पळायला लागलं."

चुलीवरची किटली तेवढी कुरकुरत होती.

"म्हणजे," फिंटन म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो सावकाश बोलत होता, "बाबा इतक्या वेगात वाजवत नव्हते?"

"कोणीच वाजवत नव्हतं."

फिंटन उठून उभा राहिला. त्यानं खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि शेवटी भावाकडे पाहिलं. आई गेल्यावर बाबांनी खुंटीवरचं फिडल परत उतरवलं नव्हतं, त्यामुळे पोरं वाजवायला शिकली ती रेकॉर्डवरूनच. रेकॉर्डशी सूर जुळवायचा म्हणून तारा वर ताणायच्या आणि त्या फटाफट तुटायच्या. हेहिर दारात दिसला, की एनिसचा दुकानदार न विचारता तारांचं पाकीट पुढे करायचा. मॅलकीनं हट्टानं तो वेग गाठला, बक्षिसं आणली. फिंटनला जमलं नाही. "गाढवाची गाडी" म्हणायचा मॅलकी त्याला. सतरा वर्षांच्या फिंटननं एके दिवशी आपलं फिडल जळणाच्या खोलीत भिरकावलं, ते कायमचं.

"गाढवाची गाडी!" फिंटन आता गरजला. "बरोबर वाजवत होतो मी! या घरात एकटा मी बरोबर वाजवत होतो! मुरेन, माझी पोरी, काही काढू नकोस. कुत्रं राहू दे, घड्याळ राहू दे, सगळं राहू दे, फक्त वेग खरा ठेव. माझा होकार!"

"खाली बस," मॅलकी म्हणाला. "मी होकार दिलेला नाही. सगळं जग आमच्या बाबाला त्या वेगासाठी ओळखतं. आता काय सांगायचं, बॅटरी संपली होती?"

"मी सांगितलं होतं की," मोठी आत्या रुबार्बच्या आंबटगोड वड्यांकडे हात नेत म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"कोणाला सांगितलं होतंस?"

"बॉस्टनमध्ये सगळ्यांना. ते पाय आपटतायत ना मागे, ते माझे पाय. तेव्हा मी चांगली अंगानं भरलेली होते. एवढ्या जोरात नाचले असते तर त्याच रात्री तुम्ही मला पुरलं असतं. मला वाटलं आमचंच मशीन पळतंय. अमेरिकेत सगळंच पळतं, मशीन का नाही पळणार? इथं नीट वाजत असेल, असं धरून चालले."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर मला कोणी विचारलं? चहा पी आत्या, पाय वर घे आत्या, झोप आत्या."

सेप्टा चुलीला टेकून उभी होती. बोलायची तिची इच्छा नव्हती, पण बाबांची एक आठवण तिला सोडत नव्हती. रेकॉर्ड लागली, की बाबा टोपी उचलायचे आणि गाईंकडे जायचे. दूध काढायची वेळ असो की नसो. दुःख, दुसरं काय, असं सगळे म्हणायचे आणि रेकॉर्ड जरा हळू आवाजात लावायचे.

"लाव ती खरी," ती म्हणाली. "युती मोडली, मॅलकी. मला ऐकू दे."

मॅलकीनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनंच बॅटरी उतरवली होती.

मुरेननं सोबत आणलेल्या मशीनवर वेग खरा केलेली टेप लावली आणि बटण दाबलं. आधी कुत्रं भुंकलं, आणि ते चांगलं जबाबदार कुत्रं निघालं. मग फिडल आलं. सेप्टाला वाटलं होतं की ते रडकं, ओढत चाललेलं असेल. तसं काही झालं नाही. धून तीच होती, खुशी तीच होती, फक्त आता तिला बसायला जागा होती. वळणावर बाबा किंचित थांबत होते आणि मग हसल्यासारखे पुढे निघत होते. ते थांबणं आजवर कोणालाच ऐकू आलं नव्हतं. टेपमधलं घड्याळही टोंग करून वाजलं. टेबलाखाली आत्याचा पाय हलायला लागला, मग मुरेनचा. मॅलकीनं आपले दोन्ही पाय खुर्चीच्या दांड्यात घट्ट अडकवून ठेवले.

पहिली धून संपली.

"हळू रे बार्टली, पोर जागी होईल."

जाड, खोल, उबदार आवाज. ओरडणं नव्हतंच ते. गालात हसत, कामातून मान वर न करता म्हटलेलं. मग एक हसू, तेही तळातून आलेलं. सेप्टा ऐकत राहिली. छान बाई आहे, तिला वाटलं. हिच्याशी माझं जमलं असतं. मग तिच्या ध्यानात आलं, की सगळे तिच्याकडेच बघतायत.

"काय झालं?" ती म्हणाली. "तोंडाला काय लागलंय माझ्या?"

मॅलकीची खुर्ची मागे सरकली. त्यानं खुंटीवरची टोपी घेतली आणि कोणाकडेही न बघता तो बाहेर पडला.

"आता हा कुठे चालला?" फिंटननं विचारलं.

"गाईंकडे," मोठी आत्या म्हणाली. "बापही तसाच जायचा ना? जाणारच. आपल्या बायकोच्या नावानं भलतीच बाई किंचाळतेय, कोण ऐकत बसेल? सेप्टा, तुला कळलं नाही का गं अजून? तुझी आई डीलियाच बोलते तुझ्या तोंडून. म्हणून दचकते मी. विमानतळावर मेलेली भावजय हाक मारायला लागली, तर बॅग सुटणार नाही?"

आपला आवाज आपल्याला कोणालाच ओळखता येत नाही. सेप्टानं हात तोंडावर धरला, जणू आत काहीतरी ठेवलं होतं आणि ते सांडेल. मग ती मॅलकीच्या मागे गेली.

तो गोठ्याच्या फाटकावर कोपरं टेकून उभा होता. गाई त्याच्याकडे बघत होत्या, कारण ही त्यांची वेळ नव्हती.

"मी बारा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "फिंटन लहान, तू तर काय, पाळण्यात. मी म्हणायचो, निदान मला तरी आईचा आवाज आठवतो. मला ती रेकॉर्ड आठवत होती, सेप्टा. अंधारात पडून आईला आठवायला जायचो आणि ती चिरकी बाई यायची. खरा आवाज तिनं कधी पुसला, कळलंच नाही मला."

या घडीला त्याच आवाजात बोलावं की नाही, हेच सेप्टाला समजेना.

"आणि खरी आई तुझ्या तोंडून दर रविवारी फोन करून मला विचारत होती, मॅलकी, गवत कापून झालं का."

"आणि तू म्हणायचास, तुला काय करायचंय."

मॅलकी हसला आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. सेप्टालाही रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. दोघांच्या मध्ये गाईनं डोकं घातलं, तेव्हा तिला ढकलायच्या निमित्तानं दोघं जरा जवळ उभी राहिली.

"मी शाळेत असताना तू मला बैल म्हणायचास," ती म्हणाली.

"म्हणायचो."

"माफी माग."

"मागतो. पण फिंटनसमोर नाही." त्यानं टोपी डोक्यावर नीट केली. "चाळीस वर्षं मी उतरलेल्या बॅटरीच्या मागे धावलो, सेप्टा. बोटं झिजली माझी. आता लोक हसतील."

"हसू देत. हसण्यासाठीच तर लावतात ना ती रेकॉर्ड? आणि तू धावलास म्हणून पकडलंस तरी. बाबांनासुद्धा जमलं नसतं ते."

यावर मॅलकीनं बराच विचार केला. बाबांना जमलं नसतं, ही गोष्ट त्याला हळूहळू बरी वाटू लागली असावी.

घरातून भयानक आवाज यायला लागला. दोघं धावत परतली, तर फिंटन मॅलकीचं फिडल मानेखाली धरून टेपच्या सोबतीनं वाजवत होता. हात गंजलेला, सूर तर भलतीकडेच, पण लय अगदी बाबांच्या लयीला धरून. आणि चुलीसमोरच्या दगडी फरशीवर, एका हातानं खुर्चीची पाठ पकडून, मोठी आत्या नाचत होती. गुडघ्यापासून वर ती जागची हलत नव्हती, खाली मात्र पाय टापटाप जागेवर पडत होते. टेपमध्ये तेच पाय तसेच पडत होते. रेडिओवर मॅच कधीच सुरू झाली होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"असं नाचायचं असतं!" आत्या धापा टाकत म्हणाली. "तुमच्या त्या रेकॉर्डवर या गावात कधी कोणी नाचलंय का?"

आणि खरंच, कोणी नाचलेलं नव्हतं. लोक ऐकायचे, टाळ्या वाजवायचे, खुश व्हायचे. नाचायला उठलेले मात्र दोन फेऱ्यांत खाली बसायचे आणि आपल्याच पायांना दोष द्यायचे.

"दे इकडे," मॅलकीनं फिडल हिसकावलं. "तारा वर ताणलेल्या आहेत, दिसत नाही तुला? बेसूर वाजवतोयस."

"बेसूर असेन, पण वेळेवर आहे!"

मॅलकी बसला. एकेक खुंटी पिळून त्यानं तारा सैल केल्या. फिडल कण्हल्यासारखं खाली आलं आणि घड्याळाच्या सुरावर येऊन टेकलं. त्यानं धून धरली. पहिल्या ओळीतच हात सवयीनं पुढे पळाला आणि टेप मागे राहिली.

"हळू रे," सेप्टा चहा ओतताना म्हणाली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मॅलकीचा गज तारेवरच थबकला. त्यानं डोळे मिटले आणि परत सुरुवात केली. या खेपेला तो बाबांच्या बाजूला बसला आणि बसून राहिला.

धून संपल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे, हीच जाऊ दे. माझाही होकार. पण सीडीच्या पाकिटावर कुठेही फिंटनचं नाव येता कामा नये."

"गाढवाची गाडी, असं छापा," फिंटन म्हणाला. "मोठ्या अक्षरात."

"सेप्टा आत्या, तुझं काय?" मुरेननं विचारलं. "तुझा होकार राहिलाय. पण त्याआधी हे ऐक. जुन्या रेकॉर्डमध्ये शेवटच्या सुरावर कापलंय. टेप मात्र पुढे चालूच राहिली होती. साहेब मशीन बंद करायला विसरले असतील."

तिनं बटण दाबलं. शेवटचा सूर विरला. खुर्ची सरकली. आणि मग आतल्या खोलीतून असा काही हंबरडा आला, इतका जाड आणि दणदणीत, की फिंटननं नकळत दाराकडे पाहिलं.

"वासरू कोणी आत सोडलं?"

"गप रे," आत्या म्हणाली. "ती सेप्टा आहे."

टेपमध्ये बाबा हसत होते. त्यांचा बोलता आवाज कोणी इतका तरुण ऐकला नव्हता. "झालं! उठला बघ तुझा बैल," ते म्हणाले. "अगं, पोरीच्या जातीला हा आवाज शोभतो तरी का?"

पावलं आली, पाळणा कुरकुरला. हंबरडा जवळ आला, मग कशात तरी, शालीत की खांद्यात, दबून गेला.

"न शोभायला काय झालं?" ती खोल आवाजाची बाई म्हणाली. "माझ्यावर गेलीय. ये गं, सेप्टा."

टेप संपून नुसती फिरत राहिली. मॅलकी मान खाली घालून फिडलच्या खुंट्या पुसत होता. सेप्टाच्या हातातली किटली तशीच होती.

"परत लाव," सेप्टा म्हणाली, अगदी आत्याच्या पाठीमागून, आणि या वेळी मोठी आत्या दचकली नाही.